पोस्टकार्ड प्रकल्पाच्या नोंदी : विश्वाची सुरुवात आणि खाली पडणाऱ्या वस्तू

२ नोव्हेंबर २०२५

वाचनालयाच्या समितीने जिन्याजवळची भिंत आणि एक जुनी लाकडी पेटी वापरायला दिली. आजपासून सुरुवात.

ठरलं ते असं. विश्वाची सुरुवात आणि गुरुत्वाकर्षण यांबद्दल ज्याला जो प्रश्न पडला असेल तो त्याने पोस्टकार्डावर लिहून पेटीत टाकायचा. उत्तर आम्ही पोस्टकार्डावरच लिहून टपालाने घरी पाठवणार. निवडक प्रश्नोत्तरं २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, भिंतीवर लागतील.

पोस्टकार्डच का, असं बी.एस्सी.ला असलेल्या आमच्या मुलीने विचारलं. कल्पना जयंत नारळीकर सरांची. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, तुला पडलेला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, उत्तर माझ्या सहीने येईल. २० मे २०२५ ला सर गेले, तेव्हापासून हे काम डोक्यात होतं. त्यांच्या तोडीची उत्तरं आम्हाला द्यायची नाहीत, येणारही नाहीत. पण प्रश्न विचारणाऱ्याला हाताने लिहिलेलं उत्तर मिळावं, ही त्यांची रीत पुण्यात चालू राहायला हवी असं मला मनापासून वाटतं.

गटात मी, बँकेतून निवृत्त झालेले काका, ही मुलगी, आठवीतला एक मुलगा आणि ग्रंथपाल ताई. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेली, म्हणून उपकरणांची बाजू माझ्याकडे. आकडेमोड काका आणि मुलगी बघतील. आठवीतल्या मुलाचं काम सगळ्यात महत्त्वाचं : उत्तर त्याला कळलं नाही तर ते कार्ड जाणार नाही.

एक नियम मी आग्रहाने घालून घेतला. उत्तरात निदान एक गोष्ट अशी असावी जी वाचणाऱ्याला स्वतः मोजून किंवा कागदावर हिशोब करून बघता येईल.

९ नोव्हेंबर

पेटी उघडली. अपेक्षेपेक्षा पुष्कळ कार्डं. काही नमुने, जसे आले तसे :

"स्फोट नेमका कुठे झाला? आता त्या जागी काय आहे?" (म्हणजे ज्या महास्फोटाने विश्व सुरू झालं म्हणतात तो.)

"चंद्र पृथ्वीवर पडत का नाही?"

"पृथ्वीच्या मध्यापर्यंत विहीर खणली आणि तळाशी उभं राहिलं तर वजन किती भरेल?"

"भास्कराचार्यांनी न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षण शोधले होते हे खरे आहे काय?"

एका आजींच्या कार्डावर एकच ओळ : "त्या आधी काय होते?" खाली संपूर्ण पत्ता, पिन कोडसकट. हे कार्ड मी वेगळं काढून ठेवलं. त्याला वेळ लागेल.

विहिरीच्या प्रश्नाचं उत्तर काकांनी चहा येईपर्यंत लिहून टाकलं. मध्यावर वजन शून्य, कारण चहूबाजूंनी ओढ सारखी. वाटेत मात्र ते सरळ उतरत जात नाही. पृथ्वीचा गाभा फार घन असल्यामुळे सुरुवातीच्या जवळजवळ २,९०० किलोमीटरपर्यंत वजन फारसं बदलतच नाही, गाभ्याच्या सीमेवर उलट थोडं वाढतं, आणि खरी उतरण तिथून पुढे लागते. पाठ्यपुस्तकात पृथ्वी सगळीकडे सारखी घन धरतात, म्हणून तिथे सरळ रेष दिसते. काकांनी दोन्ही आलेख कार्डावर बोटभर जागेत काढले.

१६ नोव्हेंबर

दिवस चंद्राच्या कार्डात गेला आणि सार्थकी लागला.

"चंद्र पडतोच आहे, पण पुढेही जातोय" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. आठवीतला मुलगा म्हणाला, "काकू, पडतोय म्हणजे किती पडतोय? एका सेकंदात किती?" त्याने हे विचारलं तेव्हाच या कार्डाचं उत्तर कसं लिहायचं ते ठरलं.

फळ्यावर मांडलं. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. एक फेरी २७.३ दिवसांची. म्हणजे वेग सेकंदाला १.०२ किलोमीटरच्या आसपास. वेगाचा वर्ग भागिले अंतर, म्हणजे चंद्राचं पृथ्वीकडचं त्वरण, वेगात दर सेकंदाला होणारा बदल : ०.००२७३ मीटर प्रति सेकंद वर्ग. त्यावरून एका सेकंदात चंद्र सरळ रेषेपासून पृथ्वीकडे पडतो तो १.४ मिलिमीटरलाही जरा कमी. वाचनालयाच्या गच्चीतून सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो.

आता दोन्हींचं गुणोत्तर : साधारण ३,६००. आणि चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून किती त्रिज्यांवर आहे? ६० वर. साठाचा वर्ग ३,६००.

मुलाने खडू खाली ठेवला आणि विचारलं, "हे मुद्दाम जुळवलेले आकडे आहेत का?" त्याला सांगितलं, अंतर आणि दिवस तू कुठल्याही पुस्तकातून घे, पुन्हा कर. त्याने केलं. न्यूटनने हाच ताळा घेतला होता. झाडावरचं फळ आणि चंद्र एकाच नियमाने पडतात, आणि अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, हे या एका भागाकारातून दिसतं. १६८७ च्या त्याच्या ग्रंथात हा हिशोब आहे.

मुलीचं समाधान झालं नव्हतं. अचूक आकडे घेतले तर त्रिज्यांच्या वर्गाचे ३,६४० येतात आणि पडण्याच्या गुणोत्तराचे ३,५९०च्या आसपास. दीड टक्क्याचा फरक कुठून? ती तासभर कागदावर होती. शेवटी निघालं ते असं : पृथ्वी जागेवर स्थिर नाही. चंद्रही पृथ्वीला ओढतो, आणि त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या १/८१ आहे. दोघं एका सामाईक बिंदूभोवती फिरतात, म्हणून त्यांच्यातलं त्वरण तेवढ्या भागाने, सव्वा टक्क्याने, जास्त भरतं. उरलेला किंचित फरक पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा आणि तिच्या चपटेपणाचा. हिशोबातल्या फटीतून पृथ्वीचं डुलणं दिसलं. प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढली, पण हा भाग असा उलगडताना मी प्रथमच पाहिला.

कार्डावर हे सगळं मावत नाही. पाठीमागे मुलीने बारीक अक्षरात फक्त आकडे दिले आणि लिहिलं : "करून बघा. फरक उरेल. तो का उरतो ते पुढच्या कार्डात विचारा."

२३ नोव्हेंबर

पोस्टातल्या बाईंनी पोस्टकार्डांचा गठ्ठा काढून दिला. अजून ५० पैशांना एक. आजकाल एवढी कोण नेतं, म्हणून त्यांनी चौकशी केली, आणि सांगितल्यावर स्वतःचाही प्रश्न लिहून दिला : "गुरुत्वाकर्षण अडवता येतं का, जशी वीज रबराने अडते?" नाही. विजेत धन आणि ऋण असे दोन भार आहेत, म्हणून एकाने दुसऱ्याचा परिणाम झाकता येतो. वस्तुमान एकाच जातीचं, आणि ते फक्त ओढतं.

३० नोव्हेंबर

लंबक. जिन्याच्या मधली मोकळी जागा तीन मजले सरळ खाली येते, ती बघितल्यापासून माझ्या मनात हेच होतं.

रविवार पेठेत बोहरी आळीत जाऊन गवंड्याचा पितळी ओळंबा आणला, मोठ्यात मोठा होता तो. नायलॉनची दोरी वजनाने ताणली जाते आणि लांबी बदलत राहते, म्हणून बारीक पोलादी तार. वर लोखंडी कड्यात तार नुसती अडकवली तर ती घासते आणि टांगण्याचा बिंदू सरकतो. त्यासाठी लेथवर काम करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी दोन भागांचा छोटा चक बनवून दिला, तार त्यात घट्ट धरली जाते. लांबी मोजायची ती चकच्या खालच्या कडेपासून ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत, टोकापर्यंत नव्हे. गुरुत्वमध्य काढायला ओळंबा सुरीच्या पात्यावर आडवा तोलून खूण केली.

सोडण्याची पद्धत महत्त्वाची. हाताने सोडला की कितीही जपलं तरी थोडा धक्का लागतो आणि लंबक लंबगोल फिरायला लागतो. म्हणून ओळंबा सुती दोऱ्याने बाजूला बांधून ठेवायचा, हलायचा पूर्ण थांबू द्यायचा, मग काडी पेटवून दोरा जाळायचा. पॅरिसमध्ये १८५१ साली फुकोने आपला लंबक असाच सोडला होता. दोरा जळतो, क्षणभर काहीच होत नाही असं वाटतं, आणि ओळंबा निघतो. जिन्यातले सगळे पंखे बंद, खालचा दरवाजा बंद.

७ डिसेंबर

मोजमाप. लांबी ६.४२ मीटर. २० आंदोलनांना १०१.८ सेकंद. वेळ मध्यावरून जाताना मोजली, टोकाला थांबल्यासारखा असतो तेव्हा नाही, कारण तिथे नेमका क्षण डोळ्याला धरता येत नाही.

त्यावरून g, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचं त्वरण = ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग. चूक ०.०२ पर्यंत असू शकते, आणि ती मुख्यतः घड्याळ दाबणाऱ्या बोटाची.

पुण्याचं अक्षांश १८.५ अंश आणि समुद्रसपाटीपासून उंची साधारण ५६० मीटर धरून हिशोबाने ९.७८४ यायला हवं. जुळतं. पुस्तकात छापलेलं ९.८१ हे मधल्या अक्षांशांचं. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला ९.७८०, ध्रुवावर ९.८३२. आपल्या जिन्यातलं मूल्य छापील आकड्यापेक्षा कमी आलं तेव्हा आठवीतला मुलगा खट्टू झाला होता. कारण कळल्यावर तो प्रत्येक येणाऱ्याला ९.७८ सांगत सुटला.

मग त्याचाच प्रश्न : हाच लंबक सिंहगडावर नेला तर?

काका कागद घेऊन बसले. गड पुण्यापेक्षा साधारण ७५० मीटर उंच. पृथ्वीच्या मध्यापासून लांब गेल्यामुळे g मध्ये दहा हजारात सव्वादोन ते अडीच भागांची घट. पण गडाचा खडक पायाखाली असतो आणि तोही ओढतो, म्हणून त्यातला काही भाग परत मिळतो. लंबकाचं घड्याळ गडावर दिवसाला सात ते दहा सेकंद मागे पडेल. आमच्या २० आंदोलनांत हा फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका. आमच्या बोटांना तो कधीच सापडणार नाही.

घड्याळाला मात्र सापडतो, आणि इतिहासात सापडला. १६७२ साली झां रिशे हा फ्रेंच निरीक्षक दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि फिरते आहे, याची ती पहिली खूण. डोंगराच्या ओढीचीही गोष्ट आपल्याच देशातली आहे. एकोणिसाव्या शतकात भारताची मोजणी चालू असताना हिमालयाच्या बाजूला ओळंबा जेवढा कलायला हवा तेवढा कललेला आढळेना. कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या धर्मोपदेशकाने १८५५ साली हिशोब करून दाखवलं की हिमालयाच्या वस्तुमानावरून कल सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) यायला हवा, मिळाला होता ५. त्यावरून पुढे कळलं की मोठ्या पर्वतांखाली खोलवर हलका खडक असतो. आमच्या ओळंब्याच्या जातीचं साधं साधन, आणि त्याने पर्वताच्या पोटातलं सांगितलं.

१४ डिसेंबर

"स्फोट कुठे झाला?" याच अर्थाची कार्डं सगळ्यात जास्त आली आहेत. उत्तराचे खर्डे मुलाने एकामागून एक नापास केले. फुग्यावर ठिपके काढायचे, हे उदाहरण सगळीकडे असतं. त्याने विचारलं, फुग्याच्या आत हवा आहे, मग विश्वाच्या आत काय? आणि फुग्याला मध्य असतोच की. त्याचं बरोबर आहे. त्या उदाहरणात फक्त पृष्ठभागाकडे बघायचं असतं, पण सांगितल्याशिवाय ते कोणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी शिंप्याकडून परकराचं रुंद इलॅस्टिक आणलं. त्यावर दर पाच सेंटिमीटरला पेनाने खुणा. दोघांनी दोन्ही टोकं धरून दुप्पट ताणायचं. कोणत्याही खुणेवर बोट ठेवा : शेजारची खूण पाच सेंटिमीटर लांब गेली, तिच्या पलीकडची दहा, त्याच्या पलीकडची पंधरा. दुप्पट अंतर, दुप्पट वेग. बोट दुसऱ्या खुणेवर ठेवलं तरी तेच. मध्य कोणताच नाही, आणि प्रत्येक खुणेला वाटतं आपणच मध्यावर आहोत. एवढं करून झाल्यावर सांगायचं, आता टोकं विसरा, इलॅस्टिक दोन्हीकडे संपतच नाही असं धरा.

खगोलशास्त्रज्ञ हबलने १९२९ साली दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, बाबतीत हेच मांडलं. त्याच्या दोन वर्षं आधी बेल्जियमच्या लमेत्रने आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून ते काढलं होतं. अंतरं मोजण्याची किल्ली १९१२ मध्ये हेन्रिएटा लेव्हिट यांनी दिली होती : ठरावीक प्रकारचे तारे जितक्या सावकाश लुकलुकतात तितके ते मुळात तेजस्वी असतात.

कार्डावर गेलेलं उत्तर : "रिकाम्या जागेत एका ठिकाणी काही फुटलं असं झालेलं नाही. सगळी जागाच दाट आणि तापलेली होती, आणि ती पसरत आली आहे. म्हणून तुम्ही हे कार्ड वाचत बसला आहात तिथेही ते झालं." मुलगा पास म्हणाला.

२० डिसेंबर

अमावास्या. पानशेतच्या पुढे जाऊन आलो. शहरातला उजेड मागे राहिला होता, पूर्वेकडे पुण्याचा पिवळा पट्टा तेवढा दिसत होता.

महाश्व तारकासमूहाचा चौकोन, त्याच्या कोपऱ्यापासून देवयानीतल्या तारकांची ओळ, आणि शर्मिष्ठेच्या टोकदार कोनाने दाखवलेली दिशा. डोक्यावर, किंचित उत्तरेला, पुसट डाग. सरळ बघितलं की नाहीसा होतो, नजर थोडी बाजूला ठेवली की दिसतो. देवयानी दीर्घिका. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश. ग्रंथपाल ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्या बराच वेळ दुर्बीण कोणाला देईनात.

इथेच एक कार्ड उपयोगी पडलं : "विश्व पसरते आहे तर देवयानी आपल्याकडे का येते आहे?" परतताना गाडीत मुलीने तोंडी हिशोब केला. पसरणीचा वेग ३२.६ लाख प्रकाशवर्षांना सेकंदाला ७० किलोमीटर धरला, तर २५ लाखांना ५४ च्या आसपास. प्रत्यक्षात आपली आकाशगंगा आणि देवयानी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने एकमेकींकडे येताहेत. एवढ्या जवळच्या अंतरात दोघींच्या परस्पर ओढीने पसरण केव्हाच थोपवली आणि उलटवली. घर, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा यांतलं काहीच पसरत नाही. पसरतात ती दीर्घिकांच्या समूहांमधली अंतरं.

आतापर्यंत पेटीतले विश्वाचे प्रश्न आणि गुरुत्वाकर्षणाचे प्रश्न आम्ही वेगळे लावत होतो. आज दोन गठ्ठे एक केले. पसरण आणि ओढ यांच्यातल्या चढाओढीतूनच तारे, दीर्घिका, आपण सगळे झालो.

४ जानेवारी २०२६

एका निवृत्त शिक्षकांचं कार्ड : "नारळीकरसाहेब म्हणत की महास्फोट झालाच नाही. ते एवढे मोठे शास्त्रज्ञ. मग आपण उलट कसे सांगता?"

पुण्यात हा प्रश्न येणारच होता. उत्तर आदराने आणि सरळ द्यायचं ठरवलं.

१९४८ साली बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व पसरतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं, म्हणून ते नेहमी सारखंच दिसतं, त्याला आरंभ नाही. नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइलचे विद्यार्थी. १९६४ चा हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत त्यातूनच आला.

या सिद्धांताची मोठी गोष्ट अशी की तो खोटा ठरू शकत होता. विश्व नेहमी सारखं असेल तर दूरचं, म्हणजे जुनं, विश्वही आजच्यासारखंच दिसायला हवं. रेडिओ दुर्बिणींनी मोजलं तेव्हा तसं दिसेना. त्यातलं एक मोजमाप भारतातलं. गोविंद स्वरूप यांनी उटीला बांधलेल्या दुर्बिणीतून दूरच्या रेडिओ स्रोतांचे कोनीय आकार, म्हणजे ते आकाशात किती मोठे दिसतात ते, मोजले, आणि १९७५ च्या सुमारास निष्कर्ष आला तो बदलत्या विश्वाच्या बाजूने. नंतर स्वरूप यांची रेडिओ खगोलशास्त्राची संस्था आणि नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, दोन्ही गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात शेजारी शेजारी आल्या. मतं विरुद्ध, आणि संस्था शेजारी. मला पुण्याच्या या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

सगळ्यात मोठा पुरावा १९६५ चा. पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या प्रत्येक दिशेने सारखंच येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं. आज त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्यात कमी तापमानाच्या, वर २.७२५ अंश इतकं नेमकं माहीत आहे. विश्व ३,८०,००० वर्षांचं असताना अणू बनले, प्रकाश मोकळा झाला, तोच हा प्रकाश. प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये त्याचे चारशेच्या वर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आत्ताही आहेत. दुसरा पुरावा हेलियमचा : विश्वातल्या साध्या द्रव्याच्या वस्तुमानात जवळजवळ चौथा हिस्सा हेलियम आहे, आणि एवढं हेलियम ताऱ्यांत तयार होऊ शकत नाही. पहिल्या काही मिनिटांच्या उष्णतेत मात्र हिशोबाने तेवढंच होतं.

नारळीकर, हॉइल आणि बर्बिज यांनी १९९३ मध्ये सिद्धांताची सुधारलेली मांडणी केली. ताऱ्यांचा प्रकाश अंतराळातल्या लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा बाहेर टाकला, त्यातून हे प्रारण आलं, असं त्यात होतं. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. मलाही पुरावा महास्फोटाच्या बाजूने भक्कम वाटतो. पण "सगळे म्हणतात म्हणून" हे कारण सरांनी कधी चालवून घेतलं नाही, आणि आम्हीही ते कार्डावर लिहिलं नाही. कार्डावर हेलियमचा हिस्सा आणि २.७२५ हे दोन आकडे आहेत. कोणताही नवा सिद्धांत आणा, त्याने हे दोन आधी काढून दाखवावेत.

शिक्षकांना एक कार्ड पुरलं नाही. दोन पाठवली.

११ जानेवारी

वाचनालयासमोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले दादा आत आले. लिहीत नाही, विचारतो म्हणाले. "सूर्य एकदम गायब झाला तर पृथ्वी लगेच सुटेल, का वेळ लागेल?"

८ मिनिटं २० सेकंद. न्यूटनच्या नियमात ओढ क्षणात पोचते, आइन्स्टाइनच्या सिद्धांतात प्रकाशाच्या वेगाने. हे मोजून झालेलं आहे : १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी (ओढीतल्या बदलाच्या पसरत जाणाऱ्या लहरी) आल्या आणि १.७ सेकंदांनी त्याच दिशेने गॅमा किरण, म्हणजे प्रकाशच. दोन्ही सुमारे १३ कोटी वर्षं प्रवास करून. अशा लहरी पकडणारी ४ किलोमीटर लांब भुजांची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे, केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. गोंगाटातून हा क्षीण संकेत कसा वेगळा काढायचा, याच्या पद्धतीवर आयुकात संजीव धुरंधर यांनी कितीतरी वर्षं आधीपासून काम केलं होतं.

दादा हिंगोलीचेच निघाले. "आमच्याकडं?" म्हणून त्यांनी जागा नकाशावर दाखवायला लावली.

१८ जानेवारी

भास्कराचार्यांचं कार्ड. काका आणि मुलगी यांच्यात यावर चांगलीच जुंपली. काकांना वाटत होतं, होय म्हणून मोकळं व्हावं. मुलीला वाटत होतं, नाही म्हणावं.

मग मूळ श्लोक काढला. सिद्धान्तशिरोमणीचा गोलाध्याय, ११५० चा. तिथे स्पष्ट म्हटलं आहे की पृथ्वीच्या ठायी आकृष्टिशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते, आणि ती वस्तू पडतेय असं आपल्याला भासतं. पुढचा चरण मला त्याहून आवडतो. सगळीकडे आकाश सारखंच असताना ही पृथ्वी पडणार तरी कुठे? पृथ्वी कशावर टेकली आहे, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रश्नाला दिलेलं हे उत्तर आहे. दिशा सारख्या असतील तर "खाली" उरतच नाही.

चंद्राला तीच ओढ लागू आहे आणि ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, हे त्यात नाही. ते १६ नोव्हेंबरच्या आमच्या भागाकारात आहे, आणि तो न्यूटनचा. कार्डावर दोन्ही लिहिलं. दोघांनीही सही केली.

१ फेब्रुवारी

आजींचं कार्ड. "त्या आधी काय होते?"

सगळ्या गटाने मिळून लिहिलं, शब्द माझे :

"आजी, आजपासून मागे गेलं तर विश्व अधिकाधिक दाट आणि गरम होत जातं. सुमारे १३.८ अब्ज वर्षं मागे गेल्यावर पहिल्या मिनिटांपर्यंत आम्ही खात्रीने पोचतो, कारण तेव्हा झालेलं हेलियम आजही मोजता येतं. सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंतची उष्णता माणसाने यंत्रात क्षणभर निर्माण करून पाहिली आहे. त्याच्याही मागे एक जागा येते जिथे गुरुत्वाकर्षणाचे आजचे नियम उत्तर देत नाहीत. महास्फोटाचा सिद्धांत त्या जागेच्या पुढचं सांगतो. काळ तिथूनच सुरू झाला असेल, तर तुमच्या प्रश्नातल्या 'आधी'ला जागाच नाही. किंवा आधीही काही असेल. आज कोणालाच माहीत नाही, आणि जो माहीत आहे म्हणेल त्याला विचारा की ते कशाने मोजलं."

आठवीतल्या मुलाने दोनदा वाचलं. म्हणाला, शेवटचं वाक्य ठळक अक्षरात काढा.

१५ फेब्रुवारी

भिंतीची मांडणी. कार्डं कोऱ्या पुठ्ठ्यावर, प्रश्न डावीकडे आणि उत्तर उजवीकडे. लंबकाभोवती दोरी. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा फोटो लावला : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि दर्पण म्हणून तारेची जाळी, त्यामुळे वारा आरपार जातो. ही रचना स्वरूप यांची.

आजींचं उत्तर पोचलं. त्यांच्या नातीचा फोन ताईंना आला, आजींनी कार्ड देवघराशेजारी लावलंय.

२८ फेब्रुवारी

सकाळी १० ते रात्री ८. जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. इलॅस्टिक ताणायला लहान मुलांची रांग, चंद्राच्या हिशोबाच्या फळ्याशी मोठ्यांची. पाठ्यपुस्तकातलं ९.८१ इथे का येत नाही, म्हणून एका शाळेच्या बाईंनी सगळा वर्ग जिन्यात बसवून स्वतः मोजमाप करून घेतलं. त्यांना ९.७९ आलं. चुकीच्या मर्यादेत बरोबर बसतं.

संध्याकाळी लक्ष्मी रोडवरच्या एका सराफी पेढीत काम करणारे गृहस्थ आले. सिंहगडाची पाटी त्यांनी नीट वाचली आणि विचारलं, "काकू, गडावर ओढ कमी, तर आमचा इलेक्ट्रॉनिक काटा तिथे वजन कमी दाखवेल का?"

दाखवेल. दोन पारड्यांचा तराजू दाखवणार नाही, कारण त्यात दोन्हीकडची ओढ सारखीच कमी होते. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र प्रत्यक्ष ओढच मोजतो. काकांनी तिथल्या तिथे आकडा काढला : पुण्यात जुळवलेल्या काट्यावर २०० ग्रॅमचं वजन सिंहगडावर ३० ते ४५ मिलिग्रॅम कमी भरायला हवं. दिल्लीला नेलं तर उलट दीडशेच्या आसपास जास्त.

"आमचा काटा १० मिलिग्रॅमपर्यंत वाचतो," ते म्हणाले.

म्हणजे जे आमच्या लंबकाला जमणार नव्हतं ते यांच्या काट्याला जमू शकतं. अडचणी आहेत. वारा लागला की काटा हलतो, म्हणून काचेची पेटी हवी. उन्हाने तापमान बदललं की आकडा सरकतो, म्हणून पहाटे जावं लागेल आणि काटा तासभर चालू ठेवावा लागेल. पाणपातळीने सपाट बसवायचा. वर गेल्यावर काटा पुन्हा जुळवायचा नाही, नाहीतर मोजायचं तेच पुसलं जाईल. खाली परत आल्यावर त्याच वजनाने पुन्हा मोजायचं, आकडा मूळ जागी आला तरच वरचा फरक खरा.

पेढीच्या मालकांना विचारून सांगतो म्हणाले. २०० ग्रॅमचं प्रमाणित वजन कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे, ते मी मागून आणते. काचेची पेटी मुलगी आणि मुलगा बनवतील. पुढचा रविवार धरला आहे, पहाटे साडेचारला स्वारगेट.